दाता आपल्यातला हवा

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, गू गाळते. समोरचा नाकाला रुमाल लावतो. लग्नाकार्यात तर शेजारची खुर्ची पटकन रिकामी होते. होऊ दे. मायक्रोबायोलॉजी शिकले, सांगलीतल्या पीतांकुर नावाच्या कंपनीत दाताकक्षाची, म्हणजे ज्यांच्या पोटातले जंतू रुग्णांना द्यायचे त्यांच्या विभागाची, प्रमुख झाले. रोज सकाळी सहा बायकांचे डबे घ्यायचे, त्यातला गाळ बाजूला काढायचा, उरलेले जिवंत जंतू कॅप्सूलमध्ये भरायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्या डब्यांची मला कधी किळस वाटली नाही. किळस आली ती कॅप्सूल भरून झाल्यावर जे सुरू व्हायचं त्याची. सांगते, ऐका, आणि जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

आधी शास्त्र. मधुमेह म्हणजे रक्तातली साखर, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण मधुमेहाचा माणूस जातो तो बहुतेक वेळा हृदयानं. रक्तवाहिनीला आतून दुधावरच्या सायीसारखं पातळ अस्तर असतं. रक्ताचा जोर वाढला की हे अस्तर वाहिनीला सैल व्हायला सांगतं. वर्षानुवर्षं साखरेत राहून ते सुजतं, सांगायचं बंद करतं, वाहिनी कडक होते, आणि एक दिवस जिना चढताना माणूस छातीला हात लावून खाली बसतो. हळदीतलं कर्क्युमिन ही सूज उतरवतं असं प्रयोगशाळेतल्या बशीत फार पूर्वीच दिसलं होतं. गोची अशी की माणसानं हळद खाल्ली तर कर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही, आल्या वाटेनं बाहेर पडतं. लोकांनी मिरी घालून पाहिली, तूप घालून पाहिलं, सूक्ष्म कणांत गुंडाळून पाहिलं. पी हळद आणि हो गोरी, असं काही शरीराचं नसतं.

मग छायाबाई सापडल्या.

मार्केट यार्डात तपासणीचं शिबिर होतं. मनगटावर पट्टा बांधायचा, तो नाडीच्या लाटेवरून रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते मोजतो आणि आकडा दाखवतो. त्याला धमनीवय म्हणतात. आता पोरासोरांच्या हातातही हे पट्टे दिसतात, तेव्हा नवीन होते. छायाबाईंचं वय त्रेसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा, पथ्याच्या नावानं शंख, आणि धमनीवय एकेचाळीस. पट्टा बिघडला असेल म्हणून तीन वेळा बदलला. आकडा तोच. मग त्यांच्या आतड्यातले जंतू तपासले आणि एक असा जंतू मिळाला जो कर्क्युमिनचे तुकडे करतो. त्यातला एक तुकडा इतका लहान की सरळ रक्तात शिरतो आणि त्या सुजलेल्या अस्तराला पुन्हा कामाला लावतो. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला हळदखाऊ म्हणायचो.

तो त्यांच्याच पोटात का, हेही कळलं. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या मोठ्या पिंपात फिरवतात, हळकुंडं एकमेकांवर घासली जातात आणि पिवळी धूळ उडते. त्या शेडमध्ये छायाबाईंनी तीस वर्षं काढली. नाकात हळद, तोंडात हळद, भाकरी पिवळी, पान पिवळं. एवढी हळद रोज पोटात जायला लागल्यावर तिच्यावर जगणारा जंतू तिथं मुक्काम ठोकणारच. आता सगळी यंत्रं बंद डब्यातली झाली, धूळ बाहेर येत नाही, त्यामुळे नव्या माणसांत हा जंतू नाही. टाकीत वाढवला तर चार पिढ्यांत आपली विद्या विसरतो, त्याला त्याच्या सगळ्या सोबत्यांसकट माणसाच्या पोटातच राहायला हवं. जुन्या शेडमधल्या अशा सहा बायका आम्हाला सापडल्या. महिन्याच्या अंतरानं तीन डोस, तिन्ही ताजे आणि एकाच बाईचे, कारण दोघींचे जंतू एकत्र आले तर भांडून दोन्ही मरतात. तिसरा डोस बसला की जंतू कायमचा रुजला. नंतर रोजच्या जेवणातली हळद पुरते.

एवढं सुंदर शास्त्र, आणि त्याचं माणसांनी काय केलं ते आता ऐका.

पहिल्या वर्षी रुग्णाचे नातेवाईक दबकत विचारायचे, दाता शाकाहारी आहे ना. मग विचारायला लागले, बाई आहे की पुरुष. मग गाडी यायची तिथं आली. आवाज खाली करून, आजूबाजूला बघून, अगदी घरगुती स्वरात विचारायचे, "आपल्यातला आहे ना?" ज्याचं हृदय कधी थांबेल सांगता येत नाही असा माणूस समोर खुर्चीत बसलेला, आणि त्याचा मुलगा दात्याची जात विचारतोय. नाही सांगितलं तर उठून घरी जायचे. काही घरी जाऊन मेलेसुद्धा.

आमचे संचालक डॉ. ईशान माझ्याहून लहान, जर्मनीत शिकून आलेले, इस्त्रीचा सदरा, बोलणं मधाळ. त्यांनी बैठक घेतली आणि सांगितलं की रुग्णाची श्रद्धा हाही औषधाचा भाग आहे. पुढच्याच आठवड्यात कॅप्सूलच्या बाटल्यांना नऊ रंगांची झाकणं आली. प्रत्येक समाजाला एक रंग. बाटल्या एकाच ट्रेमधल्या, माल त्याच सहा बायकांचा, वर झाकण मात्र ज्याला हवं त्या रंगाचं. एका घरानं तर सगोत्र दाता मिळेल का असं विचारलं. ईशानसरांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, मिळेल, दोन दिवस लागतील. शी! मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, खरं सांगून मारू का खोटं सांगून जगवू, तुम्हीच सांगा. झाकणं मीच लावत होते. त्या वेळी मला माझा बाप जगवायचा होता.

माझे पप्पा म्हणजे हळदीचे अडते रवीशेठ. मार्केट यार्डात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पॉलिशची शेडही त्यांचीच होती, म्हणजे छायाबाईंनी ज्यांची धूळ खाल्ली ते हेच. तीस वर्षांत त्यांनी छायाबाईंवर कधी हात उगारला नाही, पगार थकवला नाही, दिवाळीला साडी दिली. साडी वरून सोडायचे, छायाबाई खाली पदर धरून ती झेलायच्या. मधुमेह जुनाच, आणि बहात्तराव्या वर्षी त्यांचं धमनीवय शहाऐंशी होतं. दोन स्टेंट बसवून झाले होते, तिसरी जागा अशी अवघड की डॉक्टरांनी हात टेकले. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी मध्ये एकदा बसायला लागायचं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. रात्री त्यांच्या खोलीतून श्वासाचा आवाज आला नाही तर मी उठून बघून यायची.

त्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, निरोगी माणसाचं आहे. ते म्हणाले, ते कळलं गं, पण कोणाचं. आपल्यातला बघ, नाहीतर मला नको. मग त्यांच्याच हट्टापायी मी सगळी भावकी तपासली. काका, आत्या, चुलतभाऊ, त्यांच्या सुना, पुण्याची मंडळी, कोल्हापूरची मंडळी. एकाच्याही पोटात हळदखाऊ निघाला नाही. निघणार कुठून? आम्ही हळदीचे मालक. धूळ खायला माणसं ठेवली होती की. शेवटी मी पप्पांना सांगितलं, कऱ्हाडकडचा एक दाता आहे, आपल्यातलाच, पण नाव सांगायचा नियम नाही. त्यांनी आमच्या रंगाचं झाकण निरखून पाहिलं, बाटली कपाळाला लावली आणि छायाबाईंचा माल गिळला.

दोन डोसांत आकडा शहाऐंशीवरून चौसष्टवर आला. पप्पा गल्लीत फिरायला लागले, बाजारात जाऊन पेरू निवडून आणायला लागले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. पण पप्पा अर्ध्या हळकुंडानंच पिवळे झाले. समाजाच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइक. जिना स्वतः चढून गेले आणि अर्धा तास बोलले. आपलं आपल्यातच राहिलं तर त्याचं कसं सोनं होतं, यावर त्यांचा भर होता. शेवटी म्हणाले की आपल्या माणसांच्या पोटातसुद्धा संस्कार असतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी नारळाच्या बर्फीची बशी खुर्चीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी न राहवून मी ते छायाबाईंना सांगितलं. त्या डबा देऊन हात धूत होत्या. हसून हसून त्यांना खोकला लागला. म्हणाल्या, "संस्कार कुठलं ओ ताई, ते बुधवारचं सुकट हाय." झाकणांचं त्यांना आणि बाकीच्या पाचजणींना पहिल्यापासून माहीत होतं. डोळे होते की त्यांना. आपल्याला काय करायचंय, एवढंच म्हणायच्या. आपापसात मात्र रोज चर्चा चालायची, आज आपण कोण म्हणून गेलो.

मग तो मंगळवार आला. छायाबाई पाय ओढत आल्या. दुखत नाही म्हणाल्या, आणि तीच तर भीती होती. मधुमेहानं पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, खिळा घुसला तरी कळत नाही. चप्पल काढायला लावली तर टाचेत भोक, भोवतालची कातडी काळी पडलेली, लाली नडगीपर्यंत चढलेली, आणि अंगात ताप. रोजचा वास पचवणारी मी, त्या वासानं मला घाम फुटला. त्यांनी चार दिवसांपूर्वीच कंपनीच्या नर्सला दाखवलं होतं. नर्सनं सरांना विचारलं होतं. सरांनी सांगितलं होतं, हळदीच्या पाण्यानं धुवा आणि पट्टी बांधा. अँटिबायोटिक द्यायचं नाही.

कारण साधं होतं. अँटिबायोटिकला चांगला जंतू आणि वाईट जंतू कळत नाही. पायाच्या जखमेतला मेला असता तसा पोटातला हळदखाऊही मेला असता, आणि तो परत यायला आता ती धूळ कुठं शिल्लक आहे? गुरुवारी छायाबाईंच्या मालाचे अकरा डोस ठरलेले. त्यातला एक पप्पांचा तिसरा. महिना भरायच्या आत दिलेला डोस रुजत नाही, आणि आज काढलेला माल गुरुवारपर्यंत ताजा राहत नाही.

मी ईशानसरांच्या खोलीत गेले. त्यांनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, म्हणाले. करारात लिहिलंय, परवानगीशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही. मी म्हटलं, दोन दिवसांत पाय जाईल, विष अंगात भिनलं तर बाई जाईल. तेव्हा ते अगदी हळू आवाजात म्हणाले की तुमच्या वडिलांचाही विचार करा. तिसरा डोस चुकला तर महिनाभरात त्यांच्या पोटातली वसाहत मरेल. दुसऱ्या बाईचं सुरू करायचं तर चार महिने पोट मोकळं ठेवावं लागेल. त्यांच्या हृदयाकडे चार महिने आहेत का, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. आणि मी आत्ताच त्यांना फोन करून दाता आजारी असल्याचं सांगितलंय, असंही म्हणाले. बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट सरळ करत होते.

मी छायाबाईंना माझ्या गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्याकडे निघाले. आमचं घर वाटेतच. मी गाडी दारात थांबवली. का थांबवली, तर मला पप्पांच्या तोंडून ऐकायचं होतं, की जा, आधी तिचं बघ. त्यांनी तसं म्हटलं असतं तर पुढे जे काय व्हायचं ते आम्ही दोघांनी मिळून सोसलं असतं. छायाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी तापानं लाल झालेले डोळे माझ्याकडे फिरवले.

"इचारून या. बाप हाय तुमचा. पर लवकर या, पाय माझा हाय."

पप्पा वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत वाटच बघत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरू केलं. दाता आजारी आहे म्हणे, पण आपलाच माणूस आहे, आपल्या माणसासाठी दोन दिवस कळ काढेल. समाजातर्फे नंतर त्याचं बघू, बायकोपोरांना काही कमी पडू देणार नाही. मी म्हटलं, पाय कापावा लागेल, जीवही जाईल. ते म्हणाले, एवढं काही होत नसतं, डॉक्टर लोक घाबरवतात.

मग मी त्यांना गच्चीच्या कठड्यापाशी नेलं आणि खाली गाडी दाखवली. खिडकीची काच उघडी होती. छायाबाईंनी डोकं मागे टेकवलं होतं.

"तो दाता, पप्पा."

त्यांना ओळखायला वेळ लागला. "छाया? आपली पॉलिशवाली?"

मी सगळं सांगून टाकलं. नऊ रंग, सहा बायका, कऱ्हाडचा कुणीही नाही. दोन्ही वेळा गिळलंत ते हिचं. बोलता बोलता मी मोरीचं दार उघडून ठेवलं, कारण मला खात्री होती, ते आता ओकणार. ज्या माणसानं हिच्या हातात कधी पाण्याचा तांब्या दिला नाही तो आता आतडी पिळवटून सगळं बाहेर काढणार. मला ते बघायचंही होतं, खोटं कशाला बोलू.

ते ओकले नाहीत. कठडा धरून उभे राहिले, चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. आकडा चौसष्टच होता. त्यांनी विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे. मी म्हटलं, सरांना, मला आणि त्या सहाजणींना. समाजात कुणाला नाही ना, असं परत एकदा विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा श्वास खाली बसला, खुर्ची ओढून ते तिच्यावर टेकले.

"छाया आहे होय. मग तर काही प्रश्नच नाही," ते म्हणाले. "तिला सवय आहे गं. मागे पायावर उकळतं पाणी सांडलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी कामावर हजर. दोन दिवस सहज काढेल ती."

दाता आपल्यातला होता तोवर कळ काढण्याबद्दल त्याच्या बायकोपोरांचं तरी बघणार होते. ती छाया निघाल्यावर तेही संपलं. आणि गिळलेल्याची किळस? ती तर नव्हतीच कधी. होती ती लोकांना कळण्याची भीती. बहात्तर वर्षं ज्याला हा माणूस धर्म म्हणत आला तो एवढाच निघाला. मला माझ्या बापाची किळस आली. हे शब्द तोंडातून काढायला जड जातात, पण आली ती आली.

मी जायला निघाले तसं त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "केतू, मला मरायचं नाही गं," म्हणाले. ते ऐकून मला रडू आलं, कारण ते अगदी खरं होतं. मी हात सोडवून घेतला आणि जिना उतरले. छायाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काच वर केली.

दवाखान्यात अर्ध्या तासात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. संध्याकाळी टाचेचा सडलेला भाग कापून काढला. तरुण सर्जन बाई होत्या, त्या मला बाजूला घेऊन रागावल्या की एवढ्या उशिरा का आणलंत, उद्या आणलं असतं तर गुडघ्याखालून कापावा लागला असता. पाय वाचला. पोटातला हळदखाऊ गेला. मला ईशानसरांचा मेसेज आला, करारभंगाबद्दल उद्यापासून येऊ नये. झाकणांबद्दल मी तोंड उघडलं तर त्या ट्रेवर माझेच हात आहेत, हेही त्यांनी सभ्य भाषेत कळवलं. मी एका वर्तमानपत्रातल्या बाईंना फोन केला आणि माझ्या नावासकट सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी बाकीच्या पाचजणी वॉर्डात आल्या. छायाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, पाय तक्क्यावर. सगोत्र दात्याची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, ती मी सांगितल्यावर एवढं हसणं झालं की शेजारच्या खाटेवरची पेशंट उठून बसली. हसू ओसरल्यावर छायाबाईंनी विषय काढला. आपण गप बसलो म्हणून माझा पाय जायला लागला होता, तुमचा उद्या जाईल, असं त्यांचं म्हणणं. पाचहीजणींनी पीतांकुर सोडायचं ठरवलं. मी म्हटलं, पण ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं काय? छायाबाईंनी त्याचाही विचार करून ठेवला होता.

"न्हाई कोण म्हणतंय? द्यायचं की. पर ज्याला पाहिजे त्यानं आमच्या दारात यायचं. आपलं नाव सांगायचं, आत येऊन बसायचं, दिला तो चहा प्यायचा, मग मागायचं. मानूस बघून आम्ही ठरवू. गाळायला ताई हाईतच."

तसंच चालू झालं. वर्तमानपत्रात बातमी आली, पीतांकुरला टाळं लागलं, माझीही चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. दोन खोल्या भाड्यानं घेऊन, सरकारी परवाना मागून, सर्जनबाईंच्या देखरेखीखाली आम्ही काम मांडलं. शंभरातले नव्वद रुग्ण अट ऐकूनच परत गेले. दहाजण आले. एक म्हातारे गृहस्थ तर दोन कप चहा पिऊन आणखी मागत होते.

पप्पांशी माझं बोलणं कामापुरतं राहिलं होतं. मी गोळ्या देत होते, जेवण करून ठेवत होते. बातमीत त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळे सत्काराची शाल अजून भिंतीवरच्या खुंटीला तशीच होती. पट्ट्यावरचा आकडा मात्र चढत होता. सदुसष्ट, बहात्तर, एकोणऐंशी. पेरू आणणं बंद झालं. मग एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं. घरात तिसरं माणूस नव्हतं तरी आवाज खाली केला. पीतांकुरमध्ये रुग्णांचे नातेवाईक माझ्याशी ज्या घरगुती स्वरात बोलायचे, अगदी तोच स्वर.

"केतू, तिच्यातली दुसरी कुणी आहे का बघ ना."

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, आहे. छायाबाईंची जाऊ शोभा, तुमच्याच शेडमध्ये होती, तिचा जंतू सगळ्यांत जोरदार आहे. चार महिने व्हायला आता थोडेच दिवस उरलेत, वेळेत सुरू करता येईल. पण तुम्हाला जावं लागेल. मी अट सांगितली, शब्द न् शब्द. त्यांच्या घरी जायचं, नाव सांगायचं, आत बसायचं, देतील तो चहा घ्यायचा, मग मागायचं.

ते पलंगावर उठून बसले. श्वास लागत होता, एका हातानं छाती चोळत होते. जायला तयार आहेत हे मला दिसत होतं. ज्या गल्लीत आयुष्यात पाय ठेवला नाही तिथं जातील, नाव सांगतील, शोभाबाईंच्या पोटातलं मागतील आणि बिनबोभाट गिळतील. अडचण त्यांना दुसऱ्याच कशाची तरी होती. शेवटी त्यांनी माझ्याकडे अगदी आशेनं पाहिलं.

"चहा नको, मला शुगर आहे, असं सांगितलं तर चालेल ना गं?"